बदलाचा इतिहास ठेवणारा डेटाबेस: आधी दोन काळ वेगळे करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कर्मचाऱ्यांच्या माहितीचं एक टेबल आहे. त्यात विभाग, वेतनश्रेणी, पत्ता असे कॉलम आहेत. सुरुवातीला बदल आला की जुनं मूल्य पुसून नवं लिहिलं जायचं. पुढे कोणीतरी ट्रिगर, म्हणजे बदल होताच आपोआप चालणारा कोड, लावला. त्यामुळे अपडेट होण्याआधीची ओळ बदलाच्या वेळेसह ‘इतिहास’ नावाच्या टेबलात जाऊ लागली. तरीही लेखापरीक्षणात ‘एप्रिलचा पगार याच श्रेणीने का काढला?’ असं विचारलं तेव्हा उत्तर देता आलं नाही. आता रचना नव्याने करायची आहे. ट्रिगर, आवृत्ती क्रमांक (प्रत्येक बदलागणिक वाढणारा आकडा), इव्हेंट सोर्सिंग (घटना साठवून त्यांतून स्थिती काढणं), की डेटाबेसमध्येच असलेली टेम्पोरल टेबलं (काळासह इतिहास ठेवणारी), यांतलं काय निवडायचं हे ठरत नाही.

साधन कोणतं हे नंतर ठरवू. त्याआधी एक बघा: तुमच्या इतिहासाच्या टेबलात जी वेळ पडते ती कशाची आहे? ती ओळ बदलल्याची वेळ आहे. त्या माणसाची श्रेणी प्रत्यक्षात कोणत्या तारखेपासून बदलली, हे त्या टेबलात कुठेच नाही. लेखापरीक्षकाच्या प्रश्नात मात्र दोन्ही गोष्टी होत्या: एप्रिलमध्ये खरी श्रेणी कोणती होती, आणि पगार काढला त्या दिवशी आपल्याला ती कोणती माहीत होती. एकाच तारखेच्या कॉलमवर ही दोन्ही ओझी टाकली की कधी ना कधी असं उत्तर अडतंच.

या दोन काळांना मी ‘लागू काळ’ आणि ‘नोंद काळ’ म्हणतो. प्रत्यक्षात गोष्ट जेव्हा खरी होती तो लागू काळ. डेटाबेस ती गोष्ट खरी मानत होता तो नोंद काळ. इंग्रजी साहित्यात यांनाच व्हॅलिड टाइम आणि ट्रान्झॅक्शन टाइम म्हणतात, आणि दोन्ही ठेवणाऱ्या टेबलाला बायटेम्पोरल. ही मांडणी नवी नाही. रिचर्ड स्नॉडग्रास आणि इल्सू आन यांनी १९८५ मध्येच हे दोन काळ स्पष्ट वेगळे करून दाखवले होते. डेटाबेसला प्रश्न विचारण्याच्या एसक्यूएल या भाषेच्या मानकात ते यायला मात्र २०११ साल उजाडलं.

उदाहरणाने बघू. कर्मचारी क्रमांक ४१७ ची श्रेणी १ जानेवारी २०२३ पासून ३ आहे. ही नोंद २ जानेवारीला झाली. १० मे २०२४ रोजी आदेश हातात आला की १ एप्रिलपासून श्रेणी ४. म्हणजे बदल मागच्या तारखेचा. मग ३ जूनला कळलं की आदेश वाचण्यात चूक झाली होती, बढती १ मार्चपासूनची आहे. दोन्ही काळ ठेवणाऱ्या टेबलात हे असं उमटतं:

पहिली ओळ: श्रेणी ३. लागू १ जानेवारी २०२३ पासून पुढे. नोंद २ जानेवारी २०२३ ते १० मे २०२४.
दुसरी ओळ: श्रेणी ३. लागू १ जानेवारी २०२३ ते १ एप्रिल २०२४. नोंद १० मे ते ३ जून २०२४.
तिसरी ओळ: श्रेणी ४. लागू १ एप्रिल २०२४ पासून पुढे. नोंद १० मे ते ३ जून २०२४.
चौथी ओळ: श्रेणी ३. लागू १ जानेवारी २०२३ ते १ मार्च २०२४. नोंद ३ जून २०२४ पासून पुढे.
पाचवी ओळ: श्रेणी ४. लागू १ मार्च २०२४ पासून पुढे. नोंद ३ जून २०२४ पासून पुढे.

(शेवटची तारीख कुठेही कालावधीत धरलेली नाही. त्याबद्दल पुढे.)

यातली एकही ओळ पुसली गेलेली नाही. कोणत्याही ओळीचं मूल्यही बदललेलं नाही. फक्त जुन्या ओळींचा नोंद काळ बंद झाला. आता प्रश्न विचारा. १५ एप्रिलला त्याची श्रेणी कोणती होती, ३० एप्रिलच्या माहितीनुसार? पहिली ओळ सांगते, ३. तोच प्रश्न आजच्या माहितीनुसार विचारला तर पाचवी ओळ सांगते, ४. आणि १५ मार्चला, २० मेच्या माहितीनुसार? दुसरी ओळ, ३. एप्रिलचा पगार श्रेणी ३ ने निघाला कारण त्या दिवशी आपल्याकडे तेवढीच माहिती होती, हे आता पुराव्यासह दाखवता येतं. थकबाकी किती, हेसुद्धा या दोन उत्तरांतल्या फरकातूनच निघतं.

तुमचा ट्रिगर १० मेचा आणि ३ जूनचा, दोन्ही बदल टिपतो. पण त्याच्या दृष्टीने ते दोन सारखेच अपडेट आहेत. पहिला होता बदल: आधीचं खरं होतं, आता नवं खरं आहे. दुसरी होती दुरुस्ती: आधीचं कधीच खरं नव्हतं. हा भेद डेटा भरणाऱ्या माणसाला त्या क्षणी नक्की माहीत असतो आणि नंतर कोणालाही माहीत नसतो. तो त्या क्षणी टिपला नाही तर पुढे कितीही चांगली क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) लिहिली तरी परत मिळत नाही. म्हणून मी या कामाची सुरुवात टेबलापासून न करता स्क्रीनपासून करतो. ‘सेव्ह’ असं एकच बटण असेल तर डेटाबेस कितीही हुशार असला तरी उपयोग नाही. स्क्रीनने विचारलं पाहिजे: ही नवी स्थिती आहे का, असल्यास कोणत्या तारखेपासून? की आधीची नोंद चुकीची होती? चुकीची असेल तर कारणाचा एक कॉलम ठेवा आणि तो रिकामा सोडू देऊ नका. माणसं कंटाळून काहीतरी भरतील अशी भीती सगळ्यांना वाटते. थोडं तसं होतंही. पण पर्याय दोन-तीनच ठेवले आणि तारीख नीट विचारली तर बहुतेक लोक खरं भरतात, कारण पुढे प्रश्न त्यांनाच विचारले जाणार असतात.

लगेच हेही सांगतो, की सगळा डेटाबेस बायटेम्पोरल करू नका. असं केलं की प्रत्येक क्वेरीत चार तारखा येतात, टीममधल्या निम्म्या लोकांना जॉइन (दोन टेबलं जोडणारी क्वेरी) लिहिता येत नाही आणि शेवटी सगळे ‘सध्याचं’ दाखवणाऱ्या व्ह्यूवरच (साठवून ठेवलेल्या क्वेरीवरच) काम करतात. त्यापेक्षा कॉलमनिहाय बसा आणि प्रत्येक कॉलमसाठी एकच विचारा: याच्या जुन्या मूल्याबद्दल कोण, कोणता प्रश्न विचारणार आहे? वेतनश्रेणीबद्दल दोन्ही काळांचे प्रश्न येतात. विभागाबद्दल बहुधा लागू काळाचे, आणि अधूनमधून नोंद काळाचे. फोन नंबरबद्दल ‘कोणी, कधी बदलला’ एवढंच विचारलं जातं, म्हणजे नोंद काळ पुरे. नावाच्या स्पेलिंगमधली दुरुस्ती तर कित्येक ठिकाणी थेट लिहून टाकली तरी चालते. पगार जमा झाल्याची नोंद, हजेरीची नोंद या मुळातच घटना आहेत. त्यांना एक क्षण असतो, कालावधी नसतो. त्यांच्यावर आरंभ आणि शेवट असे दोन कॉलम लादू नका. चुकीची घटना रद्द करायची तर लेखापाल जशी उलट नोंद टाकतो तशी टाका.

या वर्गवारीतून टेबल कसं तोडायचं तेही कळतं. वेगवेगळ्या गतीने बदलणारे कॉलम एकाच कालावधीच्या ओळीत ठेवले की पत्ता बदलला तरी श्रेणीची नवी ओळ तयार होते. मग ‘श्रेणी किती वेळा बदलली’ असं मोजायला गेलं की आकडा फुगतो. तात्त्विक टोकाला जाऊन प्रत्येक कॉलमचं वेगळं टेबल करता येतं. सीजे डेट, ह्यू डार्वेन आणि निकोस लोरेंट्झोस यांनी मांडलेलं सहावं नॉर्मल फॉर्म (टेबलं तोडण्याच्या नियमांपैकी एक) तेच सांगतं. तर्क म्हणून ते अगदी निर्दोष आहे. रोजच्या कामात मी तितकं लांब जात नाही. एकत्र बदलणारे कॉलम एका टेबलात, एवढ्यावर थांबतो. मुख्य टेबलात फक्त कर्मचाऱ्याची ओळख राहते: कधीही न बदलणारा आंतरिक क्रमांक. इतर टेबलांच्या फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या ओळीचे संदर्भ) त्याच्याकडे जातात, आवृत्तीच्या ओळीकडे जात नाहीत. आवृत्तीच्या ओळीकडे की नेली की प्रत्येक दुरुस्तीनंतर निम्मे संदर्भ जुन्या ओळीला लटकलेले सापडतात.

आता कालावधी कसा लिहायचा. आरंभ धरलेला, शेवट न धरलेला, दुसरा प्रकार नको. ‘३१ मार्चपर्यंत’ असेल तर शेवट १ एप्रिल लिहा. लोकांना हे आधी विचित्र वाटतं. पण यामुळे एका ओळीचा शेवट हाच पुढच्या ओळीचा आरंभ होतो आणि मध्ये फट आहे की नाही हे नुसत्या बरोबरीच्या चिन्हाने तपासता येतं. शेवट म्हणून २३:५९:५९ लिहिणारी टेबलं मी पुष्कळ पाहिली आहेत. त्या सेकंदाच्या आत काही घडलं की ती नोंद कुठल्याच दिवसात सापडत नाही, आणि कॉलमची अचूकता सेकंदावरून मायक्रोसेकंदावर नेली की सगळ्या सीमा एकदम चुकतात. याच कारणाने कालावधीसाठी ‘बिटवीन’ वापरू नका. ते दोन्ही टोकं धरतं, त्यामुळे सीमेच्या दिवशी दोन ओळी हाती येतात. स्क्रीनवर माणसाला ‘३१ मार्चपर्यंत’ दाखवा, टेबलात १ एप्रिल ठेवा आणि हे रूपांतर एकाच ठिकाणी करा.

दोन कालावधी एकमेकांवर चढतात का, याची अट पाठच करून ठेवा: पहिल्याचा आरंभ दुसऱ्याच्या शेवटापेक्षा लहान, आणि दुसऱ्याचा आरंभ पहिल्याच्या शेवटापेक्षा लहान. बस, एवढंच. जेम्स ॲलन यांनी १९८३ मध्ये दोन कालावधींमधले १३ संबंध मोजून दाखवले, आणि लोक बसून त्या सगळ्यांसाठी ‘ऑर’ लावत राहतात. चढण्याच्या प्रश्नाला वरच्या दोन तुलना पुरतात.

‘अजून चालू’ ओळीचा शेवट काय लिहायचा, यावर दोन मतं आहेत. नल (रिकामं मूल्य) ठेवला तर अर्थ चोख वाटतो, पण प्रत्येक तुलनेत त्याची खास वागणूक सांभाळावी लागते, आणि एखाद्या क्वेरीत ती विसरली की चालू ओळी गुपचूप गळतात. मी दूरची तारीख पसंत करतो. एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस स्वतःही ९९९९ सालचा शेवटचा क्षण लिहितो. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये तारखेला ‘इन्फिनिटी’ हे खरंखुरं मूल्य आहे. रेंज प्रकार (आरंभ आणि शेवट एकाच मूल्यात ठेवणारा) वापरत असाल तर वरची सीमा रिकामी ठेवली तरी चालते, कारण तिथे तुलना रेंजच्या नियमांनी होते. काहीही निवडा, पण एका डेटाबेसमध्ये एकच. एका टेबलात नल आणि दुसऱ्यात ९९९९ असेल तर दोघांचा जॉइन कधी ना कधी चुकणारच.

बंधनांकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. साध्या टेबलात ‘एका कर्मचाऱ्याला एकच श्रेणी’ हे प्रायमरी की (ओळ एकमेव ठरवणारा कॉलम) सांभाळते. काळ आला की नियम होतो: ‘एका कर्मचाऱ्याला एका वेळी एकच श्रेणी’, आणि हे साध्या युनिक इंडेक्सच्या आवाक्याबाहेर आहे. मग लोक ट्रिगरमध्ये तपासणी लिहितात: नवी ओळ टाकण्याआधी चढणारी ओळ आहे का ते बघा. एकट्याने चाचणी केली की ती तपासणी उत्तम चालते. दोन ट्रान्झॅक्शन (एकत्र पक्के होणाऱ्या बदलांचे गट) एकाच वेळी आली की एकीला दुसरीची कमिट न झालेली, म्हणजे अजून पक्की न झालेली, ओळ दिसत नाही, दोन्ही तपासणीतून पार होतात आणि टेबलात एकमेकांवर चढलेल्या दोन ओळी बसतात. उपाय तीन आहेत: सीरियलायझेबल पातळीवर (ट्रान्झॅक्शन जणू एकामागून एक चालली असा निकाल देणारी) काम करा, किंवा आधी मुख्य टेबलातली त्या कर्मचाऱ्याची ओळ लॉक करा, किंवा डेटाबेसलाच ते बंधन कळू द्या. तिसरा मिळत असेल तर तोच घ्या. पोस्टग्रेसमध्ये एक्सक्लुजन कन्स्ट्रेंट ९.० पासून आणि रेंज प्रकार ९.२ पासून आहेत. बीट्री-जिस्ट हे एक्स्टेन्शन जोडलं की ‘कर्मचारी तोच आणि कालावधी चढणारा’ अशी ओळ डेटाबेस नाकारतो. २०२५ च्या १८व्या आवृत्तीपासून प्रायमरी कीमध्येच ‘विदाउट ओव्हरलॅप्स’ लिहिता येतं. मारियाडीबी या डेटाबेसमध्ये ही सोय १०.५ पासून आहे.

बायटेम्पोरल टेबलात हे बंधन दोन्ही काळ मिळून लावायचं. वरच्या उदाहरणात पहिली आणि पाचवी ओळ लागू काळात एकमेकांवर चढतात आणि तरी बरोबर आहेत, कारण त्यांचे नोंद काळ वेगळे आहेत. दोन्ही काळ चढले तरच गुन्हा. हे लक्षात न घेतल्यामुळे बंधन लावलं, दुरुस्ती अडली आणि मग बंधनच काढून टाकलं, असा प्रवास होतो.

फॉरेन कीचं तसंच. आपल्या कर्मचाऱ्याची श्रेणी ४ आता १ मार्चपासून आहे. समजा श्रेणी ४ चा वेतनदर तक्त्यात १ एप्रिलपासूनच भरलेला आहे. साधी फॉरेन की म्हणेल, श्रेणी ४ अस्तित्वात आहे, सगळं ठीक. मार्चचा पगार काढताना जॉइनमधून तो कर्मचारी नाहीसा होईल, एररसुद्धा येणार नाही. हवी आहे ती अट अशी: मूल (संदर्भ देणाऱ्या) ओळीचा पूर्ण कालावधी पालक (जिचा संदर्भ दिला त्या) ओळींनी, लागेल तर अनेक ओळींनी मिळून, झाकलेला असला पाहिजे. पोस्टग्रेस १८ मध्ये ‘पीरियड’ लावून अशी फॉरेन की लिहिता येते. इतरत्र रोज चालणारी तपासणीची क्वेरी लिहा आणि तिच्या निकालाकडे खरोखर बघणारा माणूस नेमा.

फट चालते का, हेही आत्ताच ठरवा. मध्ये नोकरी सोडून परत आलेल्याला मधल्या काळात श्रेणी नाही, हे बरोबर. सलग नोकरीत एक दिवस श्रेणी नाही, हे चूक. डेटाबेसला हा फरक आपोआप कळत नाही. नोकरीच्या कालावधीचं वेगळं टेबल असेल तर दोन्हींची तुलना करून तो कळवता येतो.

नोंद काळाबद्दल माझा एक आग्रह आहे: तो ॲप्लिकेशनने लिहायचा नाही. ज्याला नोंद काळ हाताने भरता येतो त्याला तो मागचाही भरता येतो, आणि मग पुरावा म्हणून त्याची किंमत उरत नाही. एसक्यूएल सर्व्हरमध्ये २०१६ च्या आवृत्तीपासून आणि मारियाडीबीत १०.३ पासून सिस्टिम-व्हर्जन्ड टेबलं आहेत. डीबी-टू या डेटाबेसमध्ये दोन्ही काळ मिळतात. तिथे डेटाबेसच वेळ लिहितो, आणि ‘फॉर सिस्टिम टाइम ॲज ऑफ’ म्हणून जुनी स्थिती विचारता येते. पोस्टग्रेसमध्ये ही गोष्ट अजून अंगभूत नाही. ट्रिगर किंवा एक्स्टेन्शनने करावी लागते. बर्कलीतल्या मूळ पोस्टग्रेसमध्ये मायकेल स्टोनब्रेकर यांनी जुनी ओळ कधीच न पुसणारी साठवण केली होती आणि मागच्या क्षणाची क्वेरी थेट लिहिता येत असे. जागा आणि वेग यांच्या हिशोबात ती सोय ६.२ मध्ये काढली गेली. म्हणजे इतिहास ठेवण्याचा खर्च खरा आहे, आणि तो कुठे करायचा हे आपल्यालाच ठरवावं लागतं.

डेटाबेस वेळ लिहितो म्हणून डोळे मिटून चालत नाही. अनेक ठिकाणी ही वेळ ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची असते, कमिटची नसते. पोस्टग्रेसमधलं ‘नाऊ’ हे वेळ देणारं फंक्शनही तसंच. समजा एक ट्रान्झॅक्शन १०:०० ला सुरू झालं आणि १०:०५ ला कमिट झालं. १०:०३ ला कोणी ‘१०:०२ ची स्थिती’ मागितली तर तो बदल दिसणार नाही. १०:०६ ला तीच क्वेरी पुन्हा चालवली तर दिसेल, कारण ओळीवर १०:०० चा शिक्का आहे. एकाच भूतकाळाबद्दल दोन वेगळी उत्तरं! पगारासारख्या हिशोबात हे चालणार नाही. म्हणून दोन गोष्टी करतो. लिहिणारी ट्रान्झॅक्शन लहान ठेवतो. आणि मोठ्या हिशोबासाठी जो नोंद क्षण धरायचा तो ‘आत्ता’चा न धरता थोडा मागचा धरतो, त्या क्षणाआधी सुरू झालेलं एकही ट्रान्झॅक्शन उघडं नाही याची खात्री करून. मारियाडीबीत वेळेऐवजी ट्रान्झॅक्शनच्या क्रमांकावर इतिहास ठेवायचाही पर्याय आहे. जिथे क्रम अगदी काटेकोर हवा तिथे तो बघावा. एसक्यूएल सर्व्हर याच अडचणीच्या एका रूपात थेट एरर देतो: आधी सुरू झालेलं ट्रान्झॅक्शन नंतरच्या शिक्क्याची ओळ बदलू पाहतं तेव्हा. तो एरर लोकांना बग वाटतो, प्रत्यक्षात तो तुमचा इतिहास वाचवत असतो. ट्रान्झॅक्शन पुन्हा चालवा.

जुन्या सिस्टिममधून डेटा आणताना हा आग्रह अडचणीचा वाटतो. जुन्या बदलांच्या वेळा तर आपल्याकडे आहेत, त्या नोंद काळात का भरू नयेत? कारण या डेटाबेसला ती माहिती आणल्याच्या दिवशीच कळली. जुन्या वेळा ‘मूळ सिस्टिममधली नोंद वेळ’ अशा वेगळ्या कॉलममध्ये ठेवा. ती साक्ष आहे, पण दुसऱ्याची आहे.

टाइमझोनबद्दल थोडक्यात. नोंद काळ नेहमी यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेत. लागू काळ मात्र बहुतेक वेळा नुसती तारीख असते आणि ती तारीख म्हणूनच ठेवायची. ‘१ मार्चपासून’ला यूटीसीचा टाइमस्टॅम्प केलं की एखाद्या ठिकाणी ती २९ फेब्रुवारी होऊन बसते. भविष्यातल्या स्थानिक वेळेसाठी स्थानिक वेळ आणि टाइमझोनचं नाव ठेवा, कारण मधल्या काळात सरकारं नियम बदलतात. सामोआने २०११ मध्ये ३० डिसेंबर हा अख्खा दिवस गाळला होता.

दोन इतिहास जोडताना, उदाहरणार्थ श्रेणी आणि विभाग, उत्तराचा कालावधी म्हणजे दोन्हींचा सामाईक भाग: दोन आरंभांतला मोठा, दोन शेवटांतला लहान, आणि आरंभ शेवटापेक्षा लहान असेल तरच ओळ ठेवायची. अशा जॉइननंतर काही कॉलम गाळले की एकाच मूल्याच्या सलग ओळी उरतात. त्या एकत्र केल्या नाहीत तर ‘बदल’ मोजणारा प्रत्येक रिपोर्ट चुकतो. विंडो फंक्शनने (शेजारच्या ओळी बघून हिशोब करणाऱ्या) हे जमतं, पण प्रत्येक रिपोर्टमध्ये नव्याने लिहू नका. एक व्ह्यू किंवा फंक्शन करा, त्याच्या भरपूर चाचण्या लिहा आणि सगळ्यांना तेच वापरायला लावा.

कामगिरीची भीती बहुतेकदा वाजवीपेक्षा जास्त असते. रोजच्या बहुसंख्य क्वेरी चालू ओळींवर असतात. चालू ओळींवर वेगळा पार्शल इंडेक्स (फक्त त्याच ओळींची सूची) किंवा वेगळं पार्टिशन (टेबलाचा वेगळा साठवलेला भाग) ठेवलं आणि ‘सध्याचं’ दाखवणारा व्ह्यू दिला की जुन्या ओळी वाटेत येत नाहीत.

इव्हेंट सोर्सिंगचं काय? प्रत्येक घटना साठवायची आणि त्यांतून स्थिती काढायची, हा विचार मला आवडतो, आणि ज्या व्यवहाराचं स्वरूपच घटनांचं आहे तिथे तो शोभतो. पण घटनेवरही दोन काळ लागतातच: घडली कधी आणि आपण टिपली कधी. ते न ठेवता इव्हेंट सोर्सिंग केलं तर तुमची आजची अडचण जशीच्या तशी नव्या घरात येते. तुमच्यासारख्या टेबलप्रधान, रिपोर्टप्रधान सिस्टिमला मी ते सुचवणार नाही. आवृत्ती क्रमांक हा इतिहास नसतो. दोघांनी एकाच वेळी एकाच ओळीवर लिहू नये म्हणून तो उपयोगी आहे, तेवढ्यासाठी ठेवा. आणि सगळे बदल जेसनमध्ये (नाव-मूल्य जोड्यांच्या मजकुरात) ओतणारं एकच ऑडिट टेबल ‘कोणी बदललं’ एवढं चांगलं सांगतं, पण मागच्या एखाद्या दिवसाची स्थिती त्यातून उभी करायला गेलात तर कॉलमची नावंही तोवर बदललेली असतात.

कॉलमचं निघालंच आहे तर: इतिहास असलेल्या टेबलात नवा कॉलम घातला की जुन्या ओळींत नल येतो. त्या नलचा अर्थ ‘मूल्य नव्हतं’ असा नसतो, ‘तेव्हा आपण विचारतच नव्हतो’ असा असतो. तो कॉलम कधीपासून भरला जाऊ लागला ही तारीख कुठेतरी लिहून ठेवा. नाहीतर पुढे कोणीतरी डीफॉल्ट मूल्य भरून देईल आणि खोटा इतिहास तयार होईल.

काहीच न पुसणाऱ्या रचनेची एक गंभीर बाजू आहे. युरोपीय संघाच्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्यातलं १७वं कलम माणसाला आपली माहिती पुसून मागण्याचा हक्क देतं, आणि असे कायदे इतरत्रही आहेत. हिशोबासाठी जे ठेवणं कायद्यानेच बंधनकारक आहे त्याला यात अपवाद आहे, पण जुना पत्ता, जुना फोन नंबर अनंतकाळ इतिहासात ठेवायला कारण सापडणं कठीण. म्हणून व्यक्तीची ओळख पटवणारे कॉलम पहिल्या दिवसापासून वेगळ्या टेबलात ठेवा, त्यांची मुदत ठरवा आणि मुदतीनंतर इतिहासासकट पुसण्याचा मार्ग बांधा. काही ठिकाणी प्रत्येक व्यक्तीची माहिती वेगळ्या कीने एन्क्रिप्ट करून ठेवतात आणि पुसायची वेळ आली की ती की नष्ट करतात. बॅकअपमधल्या प्रतींपर्यंत पोचणारा व्यवहार्य मार्ग मला तोच दिसतो. ही काळजी सोयीची म्हणून सांगत नाही. इतिहास ठेवण्याची ताकद आपल्या हाती आली की तो कोणाचा आहे याचं भान ठेवणं हे आपलंच काम आहे.

तर तुमच्यासाठी क्रम असा. जो डेटाबेस वापरता त्यात सिस्टिम-व्हर्जनिंग असेल तर ते कर्मचारी आणि वेतनदर या टेबलांवर आजच चालू करा, बाकी रचना ठरायची वाट न बघता; आज पुसलं गेलेलं उद्या कोणतीही रचना परत आणणार नाही. अंगभूत सोय नसेल तर सध्याचा ट्रिगर राहू द्या, फक्त त्यात इन्सर्ट आणि डिलीटही टिपले जातात ना आणि वेळ यूटीसीत आहे ना ते बघा. मग वेतनश्रेणी वेगळ्या टेबलात काढून तिला लागू काळ द्या, चढण्याविरुद्धचं बंधन लावा. स्क्रीनवर बदल आणि दुरुस्ती वेगळे करा. विभाग त्याच्या मागून येऊ दे. पत्त्याला लागू काळ लावायची घाई नको.

आणि पगार काढणाऱ्या प्रोग्रामला एक छोटी गोष्ट शिकवा. प्रत्येक फेरी सुरू होताना एक नोंद क्षण पक्का धरायचा, सगळ्या टेबलांतली माहिती त्याच क्षणाची वाचायची, आणि तो क्षण पगारपत्रकासोबत साठवायचा. वापरलेली श्रेणी आणि दर यांची प्रतही पत्रकात ठेवा. दुहेरी साठवण म्हणून कोणी नाक मुरडेल, पण पत्रक हा आपण बाहेर दिलेला कागद आहे आणि त्यावर काय लिहिलं होतं ही स्वतंत्र वस्तुस्थिती आहे. मग दर महिन्याला मागच्या कुठल्याही फेरीचा साठवलेला क्षण घेऊन ती फेरी आपोआप पुन्हा चालवा आणि निकाल जुन्या पत्रकाशी ओळीगणिक ताडून बघा. एका ओळीतही फरक आला तर इतिहासात कोणीतरी हात घातला आहे, नोंद क्षण पक्का धरला गेलेला नाही, किंवा प्रोग्रामचं सूत्रच मधे बदललं आहे. तिसरं कारण बऱ्याचदा निघतं, म्हणून सूत्राची आवृत्तीसुद्धा त्याच पत्रकावर नोंदवा.